अवघड जागेचे दुखणे : स्त्रिया आणि सायकलचे खोगीर

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण सारेच हसत हसत वापरतो. तिच्यातला विनोद उघड आहे. पण तिच्यात एक नेमके सामाजिक निरीक्षणही दडलेले आहे. दुखणे सोसण्यापेक्षा ते कोणाला सांगावे हा प्रश्न कधी कधी अधिक जड होतो. रोज सायकल चालवणाऱ्या स्त्रीचे सीटवर बसून होणारे दुखणे ह्या म्हणीतल्या दुखण्यांपैकीच एक आहे. स्त्री आणि सायकल ह्या विषयावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा ते बहुधा स्वातंत्र्याविषयी असते. ज्या वीतभर चामड्यावर किंवा रेक्झिनवर त्या स्वातंत्र्याचा सारा भार पडतो, त्याविषयी मात्र आपण गप्प असतो. ह्या गप्प राहण्यालाही एक इतिहास आहे, आणि तो मुख्यतः कपड्यांचा इतिहास आहे असे आम्हाला वाटते.

आरंभ घोड्यापासून करावा लागेल, कारण सायकलची सीट म्हणजे घोड्याच्या खोगिराची वंशजच. युरोपातील उच्चकुलीन स्त्रिया कित्येक शतके घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूस घेऊन बसत. त्यांच्यासाठी वेगळे एकांगी खोगीर बनवले जाई. पाय फाकून बसणे कुलीन स्त्रीला शोभत नाही, ही त्यामागची धारणा. आपल्याकडे नऊवारी लुगड्याचे सकच्छ नेसणे असे होते की कासोटा मारलेल्या स्त्रीला घोड्यावर पुरुषाप्रमाणे मांड टाकून बसता येई. झाशीच्या राणीची घोड्यावरची प्रतिमा आपल्या मनात जी ठसली आहे ती मांड टाकून बसलेलीच.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली ह्याने ‘रोव्हर’ ही दोन जवळजवळ समान चाकांची सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपच्या हवा भरलेल्या टायरची भर पडली आणि सायकल सर्वसामान्यांच्या आटोक्यात आली. स्त्रियांसाठी सायकल घडवताना कारागिरांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो घागऱ्याचा. मधली आडवी नळी खाली वाकवली गेली, साखळीवर आवरण आले, मागच्या चाकाला जाळी आली. सीटचे नाकही आखूड झाले, ते बव्हंशी घागरा त्यात अडकू नये म्हणून. म्हणजे ‘लेडीज’ सायकलचा जवळजवळ प्रत्येक अवयव कपड्याचा विचार करून बदलला. आतल्या शरीराचा विचार त्यामानाने फार थोडा झाला.

आणि शरीराचा विचार जेव्हा झाला तेव्हा तो भीतीपोटी झाला. १८९० च्या दशकात अनेक डॉक्टरांना चिंता होती ती स्त्रीला सीट टोचेल ह्याची नव्हे, तर सीटच्या घर्षणाने तिचे शील बिघडेल ह्याची. ह्या चिंतेतून मधोमध पोकळी ठेवलेल्या, दोन गाद्यांच्या सीट निघाल्या आणि ‘आरोग्यदायी’ म्हणून त्यांच्या जाहिराती झाल्या. विरोधाभास असा की, तो उपाय शरीराच्या दृष्टीने बराचसा योग्य दिशेचा होता. पण त्यामागचे कारण स्त्रीच्या वेदनेचे नव्हते, तिच्यावरील संशयाचे होते. संशय ओसरला तशा त्या सीटही मागे पडल्या. पुढे जवळजवळ शतकभराने जॉर्जिना टेरी ह्या अमेरिकन अभियंता स्त्रीने (तिने १८८५ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ साली स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली) १९९० च्या दशकात मध्ये छिद्र असलेली सीट पुन्हा आणली. ह्या वेळी निमित्त सायकल चालवणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या तक्रारी हे होते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात सायकल आली ती आधी विलायती माल म्हणून. स्वातंत्र्यानंतर सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) अशा देशी कारखान्यांनी ती घरोघर पोहोचवली. ह्याच काळात शिकलेल्या स्त्रीची नऊवारी सुटत होती आणि गोल पाचवारी साडी रूढ होत होती. हा बदल सायकलच्या दृष्टीने विलक्षण आहे. कासोट्याच्या लुगड्यात नळी ओलांडून पुरुषी सायकलवर बसणे शक्य होते, पण कासोट्याची जाड चुणी नेमकी सीट आणि शरीर ह्यांच्या मध्ये येई. गोल साडीत ती चुणी गेली, पण नळी ओलांडता येईना. तिथे विलायती घागऱ्यासाठी घडवलेली वाकवलेल्या नळीची सायकलच हवी. परदेशी पोशाखासाठी सोडवलेला प्रश्न आपल्या नव्या पोशाखाला आयताच लागू पडला. पुढे सलवार-कमीज आली आणि दोन्ही अडचणी मिटल्याशा वाटल्या. तरी सलवारीच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात ती गाठ सीटवर नेमकी कोठे येते, हे रोज सायकल चालवणारीला विचारावे.

आमच्या वसई-विरार पट्ट्यात हा इतिहास डोळ्यांसमोर घडलेला दिसतो. १८६४ मध्ये इथून रेल्वे धावू लागली. अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळणी कासोट्याच्या लुगड्यात आणि सामवेदी ख्रिस्ती बायका आपल्या लाल लुगड्यात, डोक्यावर मासळीची किंवा भाजीची पाटी घेऊन स्टेशन गाठत आल्या. वसईगाव, पापडी, गास, निर्मळ, आगाशी हा सारा प्रदेश सपाट, सायकलला अत्यंत अनुकूल. घरात सायकल असे, पण ती चालवणारा बहुधा पुरुष. बाईची जागा मागच्या कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला. युरोपातले ते एकांगी खोगीर आपल्याकडे असे ‘डबलसीट’ होऊन आले म्हणावयाचे! मुलींच्या पिढ्या शाळा-कॉलेजच्या निमित्ताने स्वतः सीटवर बसल्या, तेव्हा कोठे सीटचे दुखणे त्यांचे स्वतःचे झाले.

पुरुषी सायकल स्त्रीच्या हाती आली की काय होते, ह्याचे एक उदाहरण तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीबरोबर तिथल्या हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पी. साईनाथ ह्यांच्या ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ (१९९६) ह्या पुस्तकातील त्याचा वृत्तान्त हेमंत कर्णिकांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या म्हणून ह्या बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण मधल्या नळीवर मूल बसवता येई. सोयीचा हिशेब करताना स्त्री आपल्या शरीराचा आकडा शेवटी धरते, तो असा.

वास्तविक ह्या दुखण्यात गूढ काही नाही. बसताना भार कटीच्या तळाच्या दोन हाडांवर पडावयास हवा. स्त्रियांमध्ये ह्या हाडांतील अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक असते. सीट अरुंद असली की भार हाडांवरून सरकून मधल्या मऊ भागावर येतो. मग काचणे, सूज, बधिरपणा. गंमत अशी की फार मऊ गादीनेही तेच होते, कारण हाडे तिच्यात रुततात आणि मधली भरती वर येऊन दाबते. निरुपयोगी भरताडास ‘खोगीरभरती’ म्हणणाऱ्या भाषेला ही भरती किती महत्त्वाची असते ह्याची कल्पना नसावी! २००६ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी नियमित सायकल चालवणाऱ्या आणि धावणाऱ्या स्त्रियांची तुलना केली. सायकलवाल्यांच्या जननेंद्रियांची संवेदना कमी आढळली, लैंगिक आरोग्यावर मात्र अनिष्ट परिणाम दिसला नाही. २०१२ च्या अभ्यासात हँडल सीटपेक्षा खाली असल्यास पुढच्या भागावरील दाब वाढतो असे दिसले. उपाय साधे आहेत: हाडांच्या अंतराप्रमाणे रुंद सीट, तिची उंची व कल तपासून घेणे, हँडल थोडे वर, शिवण मध्ये न येणारा कपडा, अधूनमधून पायडलवर उभे राहणे, घामाचे कपडे लगेच बदलणे. बधिरपणा वा फोड टिकून राहिला तर डॉक्टरांकडे जाणे.

पण हे उपाय सांगावयाचे तर शरीराचे नाव घ्यावे लागते, आणि घोडे तिथेच अडते. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (१९२७-१९५३) शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिण्याचा आग्रह धरला, त्याची किंमत त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांत मोजावी लागली. त्यानंतरही आपली रोजची भाषा फारशी मोकळी झाली नाही. आमच्यापैकी दोघी रोज सायकलने महाविद्यालयात येतात. स्टाफरूममध्ये त्या आजवर ‘कंबर धरली’ असेच सांगत आल्या. सायकलच्या दुकानातही ‘जरा मऊ सीट दाखवा’ एवढेच म्हणतात, आणि दुकानदार भल्या मनाने नेमकी चुकीची सीट काढून देतो. शब्दांच्या अभावी इथे उपचार चुकतो. एखादी विद्यार्थिनी काही न सांगता सायकल सोडून रिक्षाने येऊ लागते, आणि आपण समजतो की तिला कंटाळा आला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच एक काम सुचवू इच्छितो. आपल्या आई-आजीकडून सायकलच्या आठवणी लिहून घ्याव्यात: काय नेसून चालवली, नळी कशी ओलांडली, सीट कोणाच्या मापाची होती, काय दुखले आणि ते कोणाला सांगितले. त्यांनी ‘कंबर’, ‘पाय’, ‘तिथे’, ‘खाली’ असे जे शब्द वापरले असतील ते जसेच्या तसे टिपावेत. बोलीभाषांत, विशेषतः सामवेदी आणि कोळी बोलींत, प्रमाण मराठीपेक्षा अधिक नेमके शब्द हाती लागण्याचा संभव आहे. तसे लागले तर ते कोशापुरते राहू नयेत. सायकलच्या दुकानात आणि डॉक्टरांच्या खोलीतही ते न लाजता उच्चारले जावेत.