फोन उचलणारं माणूस

दातांच्या दवाखान्यातला फोन आता एआय रिसेप्शनिस्ट उचलते. पण मधलं माणूस काढायची खटपट जुनीच, ती आपण आज बघतोय. १८७८ साली बोस्टनच्या एक्स्चेंजमध्ये उद्धट पोरांच्या जागी एमा नट आल्या. पुढे कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजरला संशय आला, असं सांगतात, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवते. खरं-खोटं सोडा, गड्याने आपोआप फोन जोडणारं यंत्रच काढलं. १८९१ला पेटंट, १८९२ला इंडियानातल्या ला पोर्टमध्ये एक्स्चेंज सुरू. त्या यंत्राला फक्त नंबर कळायचा. दाढ सुजलीय, गिळता येत नाही म्हणणाऱ्याला लगेच बोलवायचं की सोमवारची वेळ द्यायची, हे काउंटरवरच्या बाईच ठरवत राहिल्या. आपण आता यंत्राकडे सोपवतोय ते हे.