सर्च रिपोर्ट

जमीन, प्लॉट किंवा फ्लॅट घेण्यापूर्वी विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे का, हे दफ्तरावरून तपासून वकील जो लेखी अहवाल देतो तो सर्च रिपोर्ट. महाराष्ट्रात साधारणपणे मागील 30 वर्षांचे व्यवहार तपासण्याचा प्रघात आहे आणि कर्ज देणाऱ्या बँकाही तो पाळतात.

तपासणीची सुरुवात दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 पासून होते. तिथे नोंदलेली खरेदीखते, गहाणखते, साठेखते, हक्कसोडपत्रे सापडतात. पण वारसाहक्क, तोंडी वाटप, कूळहक्क या गोष्टी तिथे उमटत नाहीत. त्यासाठी गावच्या महसुली दफ्तराकडे वळावे लागते, आणि जमिनीच्या बाबतीत खरा शोध तिथेच लागतो.

सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. मुंबई इलाख्यात त्यातल्या हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा 1903 साली झाला. या दफ्तराचा रोख पहिल्यापासून सारावसुलीकडे राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील नोंद, चूक सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तरीही फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. ‘सातबारा क्लिअर आहे’ हे एजंटाचे वाक्य म्हणूनच अर्धवट ठरते. जाणता वकील आधी ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो आणि मग वर्तुळातील फेरफार क्रमांक धरून एकेक जुना गाव नमुना 6 काढत मागे जातो. कंसात गेलेले नाव का गेले, मृत्यूने, विक्रीने की नुसत्या अर्जावर, हे त्या फेरफारातच कळते.

सर्वाधिक तंटे वारसांतून उद्भवतात. पूर्वी थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहून बाकीच्यांची नावे लावलीच जात नसत. नाव नसले तरी हिस्सा असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्री व वाटपांना मात्र या दुरुस्तीचा धक्का लागत नाही. वंशावळ मागवून प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, हे न पाहणारा अहवाल कागदी ठरतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणी ‘काही म्हणणार नाहीत’, असे विक्रेता सांगतो तेव्हा तर सही घ्यावीच.

बाजारभावापेक्षा स्वस्त मिळणाऱ्या जमिनीत बहुधा काहीतरी अडलेले असते. सौदा चांगला की वाईट, हे ते अडलेले सुटण्याजोगे आहे की नाही यावर ठरते. फेडलेल्या सोसायटी कर्जाचा न उतरलेला बोजा दाखला देऊन कमी करता येतो. कूळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असलेली जमीन, खरेदीपत्र मिळून 10 वर्षे झाली असतील तर, आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, 40 पट रक्कम भरून कुळाला विकता येते. ही सवलत 2014 च्या दुरुस्तीने आली. भोगवटादार वर्ग 2 च्या, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या, कित्येक जमिनी नजराणा भरून, परवानगी घेऊन विकता येतात. उलट, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36अ खाली परवानगी न घेता आदिवासीकडून बिगर आदिवासीने घेतलेली जमीन किंवा देवस्थान इनामाची जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी महागच. शेतकरी नसलेल्याने कूळकायद्याच्या कलम 63 ची परवानगी न घेता शेतजमीन घेतली, तर तो व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. रस्ता नसलेला गट या दोहोंच्या मधला: तहसीलदार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून वाट देऊ शकतो, पण शेजारी विरोधात असेल तर वर्षे जातात. मोजणी करून घेतल्याशिवाय चतुःसीमेवर विसंबू नये.

भाव पाडून घेण्यालाही मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागते. फ्लॅट किंवा प्लॉट त्या मूल्याहून 10 टक्क्यांपेक्षा अधिक स्वस्त घेतला, तर फरकावर खरेदीदाराला आयकर लागू शकतो.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटबाबत महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, दावे आणि बोजे पाहता येतात. करार नोंदवण्यापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे. तिथला सर्च रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाचा असतो, हे विसरू नये.

साठेखताने मालकी मिळत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ही मालकी देत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा सूरज लॅम्प निकाल आहे. वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीने लपलेला हक्कदार कधी कधी पुढे येतो, पण तिने त्याचा हक्क बुडत नाही.

मूळ कागद बँकेत ठेवून केलेली जुनी गहाणे सूचीत सापडतीलच असे नाही. म्हणून मूळ खरेदीखत स्वतः पाहावे, झेरॉक्सवर इसार देऊ नये.