दोन यंत्रांमधील सांधा

गोंदियाच्या रेल्वे स्थानकाच्या आसपास ज्यांचें बालपण गेलें आहे, त्यांस सांधा म्हणजे काय हें कोशांत पाहावें लागत नाहीं. एका बाजूस मुंबईहून हावड्याकडे जाणारा ५ फूट ६ इंच रुंदीचा मोठा मार्ग. दुसऱ्या बाजूस बालाघाट-नैनपूरवरून जबलपुराकडे जाणारा २ फूट ६ इंचांचा छोटा मार्ग. दोहोंचे डबे एकाच स्थानकांत उभे असत, पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर जाणें अशक्य होतें. म्हणून छोट्या गाडीनें आलेलें पोतें हमालानें पाठीवर घ्यावें आणि मोठ्या डब्यांत नेऊन टाकावें, हाच त्यावर उपाय. बंगाल-नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घातलेला हा छोटा मार्ग चालू शतकांत रुंद झाला. त्याच्याही पूर्वीं, १८८२ सालीं राजनांदगांवापर्यंत पोंचलेला नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग मीटर गेजचा होता; बंगाल-नागपूर रेल्वेनें तो ताब्यांत घेऊन रुंद केला. सारांश, आमच्या गांवाचा अर्वाचीन इतिहास हा बराचसा न जुळणाऱ्या गोष्टी जुळविण्याचा इतिहास आहे.

गेल्या उन्हाळ्यांत असाच एक सांधा जुळविण्याचें काम आमच्या अंगावर पडलें, आणि त्याच्या पाठीमागें जातां जातां एका लहानशा वस्तूचा बराच मोठा इतिहास हातीं लागला. ती वस्तु म्हणजे जुना घरगुती संगणक व प्रिंटर यांस जोडणारी केबल. विषय क्षुद्र आहे असें कांही वाचकांस वाटेल. आरंभीं आम्हांसही तसेंच वाटलें होतें.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. त्यांची सारी हयात या भागांतील शाळांतून शिकविण्यांत गेली. गांवांत त्यांस सर्वजण गुरुजी म्हणतात. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. त्याच्या पुष्कळ आधीं गुरुजींनीं सायकलीवरून गांवोगांव हिंडून झाडीबोलींतील शब्द व म्हणी जमविल्या होत्या. भाताच्या शेतीचे शब्द, तलावांचे व पाटांचे शब्द, दंडारींत ऐकूं येणारे शब्द, जात्यावरच्या बायकांनीं सांगितलेले शब्द, अशी ती जमवाजमव होती. मूळ वह्या पुढें वाळवीनें खाल्ल्या. परंतु वह्या शाबूत होत्या तेव्हांच गुरुजींनीं एक शहाणपणाची गोष्ट करून ठेवली होती. एका शाळेच्या लिलावांत त्यांनीं एक संगणक विकत घेतला, आणि दोन पावसाळे खपून सारा संग्रह त्यांत टंकित केला. तो संगणक अद्यापि चालतो, त्याच्या फ्लॉपी अद्यापि वाचल्या जातात. पण कागदावर एक ओळ उतरत नव्हती, कारण मध्यंतरीं घर बदलतांना प्रिंटरही गेला व त्याची केबलही हरवली.

आमच्या एका विद्यार्थ्यानें फ्लॉपीवरील मजकूर आजच्या संगणकावर उतरवून घेण्याचें सुचविलें, आणि तसा मार्ग आहेही. गुरुजींचें म्हणणें मात्र निराळें होतें. ते म्हणाले, "अहो प्रोफेसर, तें तुम्ही मागाहून सावकाश करा. माझी नजर पडद्यावर ठरत नाहीं. मला कागद द्या. कोणता शब्द कोणत्या गांवीं, कोणाच्या तोंडून ऐकला तें अजून आठवतें आहे. तें समासांत लिहून ठेवतों." ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीस मुदत असते. ती संपण्यापूर्वीं कागद त्यांच्या हातीं पडणें अवश्य होतें.

गुरुजींचें यंत्र म्हणजे बीबीसी मायक्रो. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें सामान्य लोकांस संगणक समजावून देण्याची मोहीम हातीं घेतली, तेव्हां केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें हें यंत्र तयार केलें. डिसेंबर १९८१ मध्यें तें बाजारांत आलें. भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांसाठीं 'क्लास' नांवाची संगणक-शिक्षणाची योजना आरंभिली, तिच्या पहिल्या फेरींत सुमारें २५० शाळांस हींच यंत्रें देण्यांत आलीं. आज पन्नाशींत असलेल्या कित्येकांनीं आयुष्यांतील पहिला संगणक पाहिला तो हाच.

आतां केबलकडे वळूं. संगणकानें प्रिंटरास एक अक्षर द्यावयाचें म्हणजे विजेचे आठ संकेत द्यावयाचे. आठ तारा घेऊन ते एकदम पाठविले, तर "अक्षर ठेवलें आहे, घ्या" असें सांगणारी एक जादा तार लागते, आणि "घेतलें, पुढचें द्या" असें उत्तर आणणारी दुसरी. अमेरिकेंतील सेंट्रॉनिक्स कंपनीनें १९७० सालीं १०१ क्रमांकाचा प्रिंटर काढला, त्यांत ही पद्धत व तिच्यासाठीं ३६ टोकांचें एक रुंद सॉकेट योजिलें होतें. काम करणाऱ्या तारा थोड्या असतां टोकें ३६ कां, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर असें सांगतात कीं, सेंट्रॉनिक्सशीं ज्या वँग कंपनीचा निकट संबंध होता, तिच्यापाशीं गणकयंत्रांसाठीं घेतलेलीं अशीं २०,००० सॉकेटें शिल्लक पडलीं होतीं. तीं या कामीं खपविलीं. पुढें जपानच्या एप्सन कंपनीचा एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० सालीं आला व फार लोकप्रिय झाला. त्यांतही हेंच सॉकेट होतें. मग इतरांसही तेंच ठेवणें भाग पडलें. विद्वानांच्या समितीनें या पद्धतीस रीतसर मानकाचें रूप दिलें तें १९९४ सालीं, म्हणजे ती २४ वर्षें वापरांत राहिल्यानंतर. कोठारांतील शिल्लक माल निकालांत काढण्याच्या सोयींतून साऱ्या जगाचा नियम जन्मास आला, हें इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

प्रिंटरच्या बाजूचें टोक असें एकसारखें झालें. संगणकाच्या बाजूस मात्र ज्याचा त्याचा पंथ वेगळा राहिला. ऑगस्ट १९८१ मध्यें आलेल्या आयबीएमच्या संगणकानें आपल्या बाजूस २५ टोकांचें लहान सॉकेट घेतलें. बीबीसी मायक्रोनें यंत्राच्या पोटाखालीं २६ टोकांचें घेतलें. कमोडोर ६४ हें यंत्र १९८२ सालचें. त्यानें सहा टोकांचें वाटोळें सॉकेट दिलें व संकेत एकामागून एक पाठविण्याची रीत ठेवली, जी त्याच कंपनीच्या प्रिंटरांस समजे. त्याच वर्षींच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमला तर सामान्य प्रिंटरासाठीं निराळें सॉकेटच नव्हतें. मागल्या बाजूस पट्टीची उघडी कड तेवढी होती, व तिला मधली पेटी जोडल्यावांचून नुसत्या केबलीनें काम भागत नसे. या भेदांच्या मुळाशीं कोठें जागेची काटकसर होती, कोठें पैशाची, आणि कोठें गिऱ्हाइकानें प्रिंटरही आपल्याच दुकानांतून न्यावा ही इच्छा. तीं यंत्रें नवीं असतांना या गोष्टी कोणास खुपल्या नाहींत, कारण हवी ती केबल दुकानांत मिळे. त्यांचें मोल द्यावें लागतें तें चाळीस वर्षांनंतरच्या माणसास.

गोंदिया हें तांदुळाचें गांव. आमच्या परिचयाच्या एका राईस मिलवाल्यांच्या कचेरींत, एका दमांत तीन प्रतींचीं बिलें काढणारा ठिपक्यांचा प्रिंटर अद्यापि आहे. त्यांनीं एक जुना प्रिंटर केबलीसह आनंदानें दिला. त्याच्या बाजूचें टोक ३६ टोकांचें, अगदीं हवें तसें. पण केबलीचें दुसरें टोक आयबीएमच्या घराण्यांतलें, २५ टोकांचें. अर्धा सांधा हातांत आणि उरलेला अर्धा कोठेंच नाहीं, अशी अवस्था झाली. २५ व २६ यांत एकाचाच फरक दिसतो, पण तो भ्रम आहे. टोकांचा आकार व तारांचा क्रम दोन्ही निराळे आहेत. पुढें नागपुरास सीताबर्डीवर चौकशी केली, तेव्हां दुकानदारानें यूएसबीची केबल पुढें केली. ती एका टोकास ३६ टोकांचीच असते, म्हणून पुष्कळजण फसतात. परंतु तिच्या यूएसबीच्या बाजूस ती भाषा जाणणारा संगणक लागतो, आणि यूएसबीचा जन्मच मुळीं १९९६ चा. नव्या संगणकास जुना प्रिंटर जोडण्यास ती उपयोगी आहे. जुन्या संगणकाच्या अंगीं यूएसबी नसल्यामुळें त्यास ती निरुपयोगी.

अखेर मार्ग सांपडला तो एका पुस्तकांत. या यंत्राबरोबर जॉन कोल यांनीं लिहिलेली जाडजूड मार्गदर्शिका मिळत असे, व गुरुजींनीं ती कापडांत बांधून ठेवली होती. तिच्या परिशिष्टांत यंत्राच्या सॉकेटांचे नकाशे छापलेले आहेत; कोणत्या टोकावर काय येतें तें त्यांत पाहावें. तो नकाशा ३६ टोकांच्या नकाशाशेजारीं ठेवला तेव्हां एक सुंदर गोष्ट उघड झाली. प्रिंटरच्या सॉकेटांत अठरा-अठरा टोकांच्या दोन ओळी असतात. त्यावर चपटी रिबन केबल दाबून बसविली, तर तिच्या तारा आळीपाळीनें दोन्ही ओळींवर पडतात: पहिली तार १ वर, दुसरी १९ वर, तिसरी २ वर, चौथी २० वर. बीबीसीच्या रचनाकारांनीं आपलीं २६ टोकें बरोबर याच क्रमानें मांडलीं होतीं. म्हणजे २६ तारांची चपटी पट्टी घ्यावी, दोन्हीकडे दाबून बसणारीं सॉकेटें लावावीं, एकही तार ओलांडूं नये, डाग देण्याचेंही कारण नाहीं. तसलीं सॉकेटें आजही बनतात. तीं मागवून घेतलीं, आणि आमच्या महाविद्यालयाच्या कर्मशाळेंतील शिकंज्यांत हळूहळू आवळून केबल तयार केली. सारें काम अर्ध्या तासाचें होतें. शोधण्यांत मात्र सात आठवडे गेले.

पहिल्या दिवशीं प्रिंटर मोठ्या उत्साहानें खडखडला आणि सारे शब्द एकाच ओळीवर, एकावर एक छापून काळी पट्टी उमटली. गुरुजींचा चेहरा उतरला. पुन्हा मार्गदर्शिका उघडली. त्या काळचे कित्येक प्रिंटर ओळ संपतांच कागद आपण होऊन पुढें सरकवीत. म्हणून कागद सरकविण्याची आज्ञा हें यंत्र स्वतःशींच ठेवून घेई, प्रिंटरास पाठवीत नसे. आमचा प्रिंटर नंतरच्या काळांतला, तो आज्ञेची वाट पाहणारा. तारा जुळल्या होत्या, रीत जुळली नव्हती. संगणकास एक लहानशी सूचना दिली आणि ओळी सुट्या झाल्या.

येथें लिपीचा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. हा संग्रह रोमन अक्षरांत आहे. त्या काळच्या प्रिंटरच्या पोटांत रोमन अक्षरांचेच साचे असत; नागरी अक्षर हवें तर तें ठिपक्याठिपक्यानें रचून पाठवावें लागे. भारतीय लिपींसाठीं आयआयटी कानपूर येथें 'जिस्ट'चें काम झालें. तें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आलें, आणि भारतीय लिपींची संकेतावली १९९१ सालीं मानक म्हणून मान्य झाली. पण जिस्टचें कार्ड बसे तें आयबीएमच्या घराण्यांतील संगणकांत. गुरुजींच्या यंत्राशीं त्याचा मेळ नव्हता. त्यांनीं स्वतःच एक रीत बसविली: लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. ण ची अडचण त्यांस पडली नाहीं, कारण झाडीबोली ण च्या जागीं न च बोलते. ही रीत त्यांनीं कोठेंही लिहून ठेवलेली नव्हती. ते नसते, तर केबल मिळूनही आम्हीं त आणि ट यांत चांचपडत बसलों असतों.

आम्हांस या साऱ्या खटाटोपाचें तात्पर्य वाटतें तें हें. संगणक टिकला होता, फ्लॉपी टिकल्या होत्या, प्रिंटरही मिळाला. तुटला होता तो त्यांमधला दुवा, आणि तो पुन्हा जोडतां आला याचें श्रेय चाळीस वर्षांपूर्वीं कोणींतरी छापून ठेवलेल्या एका नकाशास आहे. ग्रंथ, नाणीं, ताम्रपट जपावे हें आपण शिकलों आहों. एका वस्तूस दुसरीशीं जोडणारी माहिती जपावी, हें अद्यापि आपल्या अंगवळणीं पडलेलें नाहीं. ज्यांच्या माळ्यावर असें जुनें यंत्र पडून असेल, त्यांनीं तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यांत काय आहे तें एकदां पाहावें. आणि तें ठेवावयाचें ठरलें तर त्याची केबल, त्याची पुस्तिका व ज्यानें तें वापरलें त्याच्या हातचा एक कागद त्याच पेटींत घालावा.

आम्हीं आमच्या केबलीचा नकाशा व त-ट ची रीत एका कागदावर लिहून संगणकाखालीं चिकटविली आहे. छापील पानांचा गठ्ठा गुरुजींच्या उशाशीं असतो. परवां गेलों तेव्हां समासांत पेन्सिलीनें गांवांचीं नांवें लिहिलेलीं होतीं, आणि एका पानावर एका म्हणीपुढें त्यांनीं फक्त "आई" एवढेंच लिहिलें होतें.