यकृतशोथ, औषधजन्य स्वप्रतिरक्षी

औषध, वनस्पतीचा अर्क किंवा अन्य रसायन शरीरात गेल्यावर प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच यकृतपेशींवर उलटून होणारा विकार. यात मात्रेपेक्षा व्यक्तीची जनुकीय घडण अनेकदा अधिक निर्णायक ठरते.

यकृतातील विकरे रसायनाचे विघटन करताना निघालेला क्रियाशील घटक कधी पेशीतील प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन टी-पेशींना परके वाटू लागते. हॅलोथेन या भुलीच्या औषधात हे दिसले. डायहायड्रॅलाझीनच्या रुग्णांत तर विघटन करणाऱ्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे आढळली.

कृष्णाकाठी याची ओळखीची उदाहरणे म्हणजे हळद आणि गुळवेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याकडे वाई भागातही हे पीक जुने. आमटीतल्या चिमूटभर हळदीचा येथे संबंध नाही. वाळलेल्या हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के, तर अर्काच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांपर्यंत असते. ३ टक्के धरल्यास ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सुमारे १६ ग्रॅम हळद. शोषण वाढावे म्हणून तीत बहुधा मिऱ्यातील पायपरीनही घालतात. अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजा नोंद-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या इजेचे १० रुग्ण नोंदवले. त्यांपैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप होते. एक रुग्ण दगावला.

कोविडकाळात लिंबावरची गुळवेल आणून घरोघर काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, ती तशीच दिसणारी दुसरी जात असू शकेल. ओळखीचा मुद्दा रास्त होता. पण आधीच सुप्त स्वप्रतिरक्षी आजार असलेल्यांना सावध करण्यासाठी तेवढ्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहणे आवश्यक नव्हते.

थकवा, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गडद लघवी व कावीळ ही लक्षणे. रक्तात यकृत-विकरे, आयजीजी व केंद्रकविरोधी प्रतिपिंडे वाढलेली आढळू शकतात. निर्णायक अशी एकच तपासणी नाही, म्हणून विचारपूस महत्त्वाची. काढ्याला रुग्ण औषधात धरत नाही. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला तो ‘काही नाही’ म्हणतो.

कारक द्रव्य थांबवणे हा पहिला उपचार. गरजेनुसार स्टेरॉइड देतात. ती हळूहळू बंद केल्यावर औषधजन्य विकार सहसा उलटत नाही. उलटल्यास मूळचाच स्वप्रतिरक्षी यकृतशोथ असल्याचा संशय घेऊन दीर्घकाळ उपचार द्यावे लागतात.