बालकाचे स्वतंत्रपणे झोपी जाणे

बालकाचे स्वतंत्रपणे झोपी जाणे म्हणजे साधारण एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाने थोपटणे, झोका, स्तनपान किंवा कडेवर फिरवणे यांच्या आधाराशिवाय, जागेपणीच अंथरुणावर ठेवल्यावर आपले आपण झोपेच्या अधीन होणे होय. मूल वेगळ्या खोलीत झोपले पाहिजे, असा याचा अर्थ नाही. ही गल्लत वारंवार होते. आईवडिलांच्या शेजारी अंथरूण असलेले मूलही स्वतंत्रपणे झोपी जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलास दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास, तर ३ ते ४ वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप आवश्यक असते.

कारणमीमांसा

लहान मुलाचे निद्राचक्र सुमारे तासाभराचे असते आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी त्याला क्षणभर जाग येते. झोपी जाताना जी परिस्थिती होती तीच त्या वेळी आढळली, तर मूल पुन्हा झोपते. ती बदललेली असेल, तर रडून उठते. झोळीत डोळे मिटलेल्या मुलास मध्यरात्री झोळीच हवी असते, ती यामुळे. निर्जीव वस्तूंबाबतही हेच घडते. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि घरोघरी रात्रभर कूलर चालतो. त्या घरघरीत झोपी गेलेले मूल वीज जाताच जागे होते, ते केवळ उकाड्याने नव्हे, तर ओळखीचा आवाज थांबल्यानेही.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

पाळणा, झोळी, अंगाई आणि आजीचे थोपटणे ही मराठी घरांतील मुले झोपवण्याची रूढ साधने होत. बाळाच्या बारशाला म्हटल्या जाणाऱ्या गीतप्रकारासही ‘पाळणा’ हेच नाव आहे. बागुलबुवाची भीती घालणे हा दुसरा रूढ उपाय. तो मुलाला गप्प करतो, पण अंधाराची धास्ती मागे ठेवतो.

याहून गंभीर प्रकार गिरणगावांत होता. मुंबईतील गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफूच्या गोळ्या देत. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली. ती केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. मुलाजवळ थांबायला घरी कोणीच नसे. म्हणून खरा उपाय पाळणाघर हाच होता. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय होती. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ३० वर आली.

अफू गेली, तरी तिची छाया पुरती गेलेली नाही. सर्दीचे गुंगी आणणारे औषध मूल झोपावे म्हणून पाजणे धोक्याचे असून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते देऊ नये.

पद्धती

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळे, रडणाऱ्या मुलाकडे वाढत्या अंतराने जाऊन धीर देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा वर्तनाधारित पद्धतींचा पाच वर्षे पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या भावनिक आरोग्यावर दीर्घकालीन अपाय आढळला नाही, तसा कायमचा लाभही आढळला नाही. तथापि एका भिंतीआड शेजारी व एका खोलीत सासू-सासरे असलेल्या घरात ही पद्धत निभणे कठीण असते.

अशा घरांत क्रमाक्रमाने दूर होण्याची पद्धत अधिक सोयीची ठरते. पहिल्या काही रात्री थोपटणे थांबवून नुसता हात अंगावर ठेवतात. मग हात काढून शेजारी बसतात. पुढे बसण्याची जागा दाराकडे सरकत जाते. प्रत्येक पायरीला तीन-चार रात्री द्याव्या लागतात. मूल रडल्यास जवळ जाण्यास हरकत नाही, मात्र मागच्या पायरीवर परतू नये. घरातील सर्वांचे एकमत ही येथील खरी अट आहे. आईने न थोपटता झोपवलेल्या मुलास दुसऱ्या रात्री आजीने मांडीवर घेतले, तर मूल अधिक वेळ रडायला शिकते.

अंघोळ किंवा हातपाय धुणे, कपडे बदलणे, एक गोष्ट, मग दिवा मंद, असा ठरलेला क्रमही उपयुक्त असतो. इतवारी, महाल अशा व्यापारी वस्त्यांत दुकान बंद करून वडील उशिरा घरी येतात आणि मुलाचा खेळ तेव्हाच रंगतो. मूल प्रत्यक्षात साडेदहाला झोपत असेल, तर त्याला नऊला अंथरुणावर डांबण्यात अर्थ नसतो. काही दिवस साडेदहाचीच वेळ धरून नंतर ती पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणतात. सकाळी उठण्याची वेळ मात्र स्थिर ठेवावी लागते.

मर्यादा

आजारपण, दात येणे, घरात नवे बाळ येणे किंवा स्थलांतर अशा काळात ही सवय लावण्यास आरंभ करू नये. मूल नेहमी घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर प्रश्न सवयीचा नसून वैद्यकीय असू शकतो. अशा वेळी प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.