रजिस्टर टपालाची पावती

"रजिस्टर आहे, सही करा," अशी टपालवाल्याची हाक आली की खेड्यातल्या घरात पूर्वी एकदम चिडीचूप होई. सावकाराची नोटीस तर नसेल? कोणी सही टाळायला मागच्या दाराने शेताची वाट धरी. एका सहीला एवढे वजन आले कुठून?

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपालाचा मक्ता आपल्या हाती घेतला. १८५४ साली पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर झाला. पत्र स्वस्त झाले खरे. पण वाटेत गडप झाले तर जाब कोणाला विचारायचा? पुढे कागदी नोटा आल्या, तेव्हा लोक नोटेचे दोन तुकडे करीत. पहिला तुकडा पोचल्याचे कळले, की मगच दुसरा टपालात टाकीत!

रजिस्ट्रीने या धास्तीवर काढलेली तोड अगदी साधी होती. जादा पैसे भरले की पत्राला क्रमांक मिळे आणि पाठवणाऱ्याच्या हाती पावती येई. पुढे हात बदलेल तिथे नोंद आणि सही. पत्र हरवलेच, तर ते कोणाच्या हाती हरवले हे कागदच सांगे. १८७८ पासून टपालात विम्याचीही सोय झाली.

ही पावती मग कोर्टातही बोलू लागली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याने असे ठरवले, की नीट पत्ता घालून, पुरते पैसे भरून कागद रजिस्टर टपालाने पाठवला, तर उलट शाबित होईपर्यंत तो पोचला असेच धरायचे. तेव्हा मागच्या दाराने पळून काय साधणार? "घेण्यास नकार" असा शेरा लागून पाकीट परत गेले, तरी नोटीस लागू झाली असेच कोर्टे सहसा धरीत. घरच्याला मात्र आत काय लिहिले आहे हेही कळत नसे आणि उत्तराची मुदत निघून जाई.

पण लक्षात घ्या, हे हत्यार एकट्या सावकाराचे नव्हते. कुळानेही रजिस्टरने उत्तर धाडले, तर त्याच्या पावतीचे वजन तेवढेच.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. नाव गेले, धडा उरला आहे. शिक्षकबंधूंनी तो मुलांना जरूर सांगावा: आलेला कागद घ्यावा, वाचावा, आणि आपण पाठवलेल्याची पावती जपून ठेवावी.