शून्याचा अर्थ

विज्ञानाचा इतिहास म्हणजे केवळ शोधांची मालिका, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. आमच्या मतें तो तितकाच दुर्लक्षाचाहि इतिहास आहे. अतिवाहकांतील उष्णविद्युतेची कथा याचें उत्तम उदाहरण होय.

१८२१ सालीं बर्लिन येथें सीबेक यांनीं दोन भिन्न धातु जोडून कडें केलें व एक सांधा तापविला, तों जवळची चुंबकसूची हलली. उष्णतेनें चुंबकत्व उत्पन्न झालें, असें त्यांस वाटलें. वस्तुतः कड्यांतून वीज वाहत होती. हें ओळखलें डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनीं.

पुढें १९११ सालीं लायडन येथें कामर्लिंग ओन्नेस यांस, शून्याखालीं सुमारें २६९ अंशांवर पाऱ्याचा विद्युद्विरोध एकाएकीं नाहींसा झालेला आढळला. अशा अतिवाहकांत सीबेकची वीज शोधूं जातां ती दिसेना. ती तेथें नाहींच, असा निर्णय होऊन तो ग्रंथांतरीं स्थिरावला.

१९४४ सालीं, महायुद्ध चालू असतां, रशियन पंडित गिन्झबुर्ग यांनीं या निर्णयास हरकत घेतली. उष्णतेनें सामान्य इलेक्ट्रॉनांचा ओघ निघतोच. परंतु अतिवाहक इलेक्ट्रॉनांचा ओघ उलट वाहून त्याची भरपाई करतो. जमाखर्च जुळून शिल्लक शून्य आली, म्हणून व्यवहारच झाला नाहीं असें कोणता व्यापारी म्हणेल? धातु एकजिनसी नसेल तर भरपाई अपुरी पडते व किंचित् चुंबकत्व मागें राहतें. तरीहि कित्येक वर्षें फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत प्रयोग झाले, तेव्हां कांहींत परिणाम गणिताहून कितीतरी पटींनीं मोठा निघाला! २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वेळच्या व्याख्यानांतहि गिन्झबुर्ग यांनीं हा प्रश्न पुन्हां मांडला.

आतां विद्वानांचें लक्ष सांध्यांकडे वळलें आहे. दोन अतिवाहकांमधील पातळ पडद्यांतून दाबाविनाहि वीज वाहते, हें १९६२ सालीं केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या जोसेफसन यांनीं भाकित केलें. पडद्याच्या जागीं 'टोपोलॉजिकल' पदार्थ घातला, तर त्याच्या कडेनें जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दिशा त्यांच्या फिरकीशीं बांधलेली असते. तेथें चुंबकक्षेत्रानें समतोल मोडून उष्णतेपासून वीज मिळावी, असें सिद्धांत सांगतो.

दोनशें वर्षांच्या या कथेंतून आम्हांस एकच बोध दिसतो: शून्य मोजलें गेलें, एवढ्यानें चौकशी संपत नाहीं. तें शून्य अभावाचें कीं समतोलाचें, हें विचारणें हेंच खऱ्या विद्येचें लक्षण होय.